पडद्यावरील भिंग

आंधळा आणि डोळस हे दोन शब्द मराठींत इतके सोयीचे झाले आहेत, कीं त्या दोहोंच्या मध्यें जो मोठा समाज उभा आहे त्याला धड नांवच उरलेलें नाहीं. कोणी त्याला अधू दृष्टीचा म्हणतात, कोणी मंददृष्टि म्हणतात, शाळेंतील पोरें तर याहून बोचरे शब्द वापरतात. या माणसाला उजेड दिसतो, कोणी येत आहे हें दिसतें, भिंतीवरील कॅलेंडर दिसतें. पण त्यावरील तिथि दिसत नाहीं. चष्मा लावून, नंबर बदलून, शस्त्रक्रिया करून जेवढी सुधारणा व्हावयाची तेवढी होऊन चुकल्यावर जी दृष्टि शिल्लक राहते, तिच्यावरच त्याला पुढील आयुष्य काढावयाचें असतें. ही शिल्लक दृष्टि आणि संगणकाचा पडदा यांची गांठ कशी घालून देतां येते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कायद्यानें या मधल्या समाजाची हद्द आखून दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमाप्रमाणें, दोहोंपैकीं बऱ्या डोळ्याची दृष्टि चष्मा लावूनही ६/१८ च्या वर जात नसेल, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती क्षीणदृष्टि. त्याहूनही कमी असेल तर अंधत्व. हे अपूर्णांक वाचण्याची रीत सोपी आहे. नेत्रवैद्याच्या खोलींत जो अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो, त्याचा मूळ नमुना स्नेलेन नांवाच्या डच वैद्यानें १८६२ सालीं तयार केला. निरोगी डोळा जें अक्षर ६० मीटरांवरून ओळखतो, तें ओळखण्यासाठीं ज्याला ६ मीटरांवर यावें लागतें, त्याची दृष्टि ६/६०. म्हणजे त्याला इतरांच्या दसपट मोठें अक्षर पाहिजे, किंवा अक्षराच्या दसपट जवळ गेलें पाहिजे. सारें गणित या एका वाक्यांत आहे. कायद्यांत आणखी एक कलम आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं: नजरेचा विस्तार ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असेल, तर त्या माणसाचें अक्षरज्ञान कितीहि तीक्ष्ण असलें तरी तोही क्षीणदृष्टींतच मोडतो.

हे दोन प्रकार लोकांना ठाऊक नसल्यामुळें अधू दृष्टीच्या माणसाच्या वांट्याला संशय येतो. डोळ्याचा मध्यभाग वाचतो आणि चेहरा ओळखतो. कडेचा भाग चालतांना वाट सांभाळतो. ज्याचा मध्य गेला, तो रस्त्यानें व्यवस्थित चालतो, सायकलीला वाट देतो, पण पारावर बसलेल्या मामाला ओळख देत नाहीं. लोक म्हणतात, शहरांत जाऊन चढला आहे. ज्याच्या कडा गेल्या, तो बारीक टाइपांतील वर्तमानपत्र वाचतो, आणि तेंच वर्तमानपत्र हातांत घेऊन दारांतील बादलीला अडखळून पडतो. लोक म्हणतात, सोंग करतो. दोघेही सोंग करीत नसतात. रातांधळेपणानें सुरू होऊन हळूहळू नजर आंत आंत मिटवीत नेणारा एक वंशागत विकार आहे. काचबिंदूही कडाच खातो. उलट मधुमेहानें किंवा वार्धक्यानें दृष्टिपटलाचा मध्य बिघडला, म्हणजे वाचन प्रथम जातें. पडद्यावरील भिंग कोणाच्या किती उपयोगी पडेल, तें यावरूनच ठरतें. पण तें पुढें.

पूर्वीं अशा माणसाची ओढाताण पोथी, पुस्तक आणि वर्तमानपत्र यांपुरती असे. घरांतील कोणी तरी वाचून दाखवी, आणि त्यांत दोघांचीही करमणूक होई. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र जे कागद दुसऱ्याच्या हातीं द्यावेसे वाटत नाहींत, तेच नेमके पडद्यावर गेले. बीड जिल्ह्याचें उदाहरण घ्यावें. जमिनीचा सातबारा संगणकावर आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतांत काय पेरलें आहे याची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाईलवरून करावी असें ठरलें. पीक विम्याचा अर्ज, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा संदेश, सारें कांचेवर. त्यांतून या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास येथून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. त्या अवधींत गांवांत मागें राहतात तीं बहुतेक म्हातारीं माणसें आणि शाळकरी मुलें. फोन वाजतो तो अधू डोळ्यांच्या घरांत.

सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ म्हणून एक रकाना असतो. जमिनीवर कोणाच्या कर्जाचा बोजा आहे, कोणाचा कसला हक्क आहे, तें तेथें लिहिलेलें असतें. तो रकाना स्वतः वाचणें आणि ‘कांहीं विशेष नाहीं, आजोबा’ असें दुसऱ्याच्या तोंडून ऐकणें, यांत फार अंतर आहे. वाचून दाखविणारा पुतण्या लबाड असतो असें नव्हे. बहुधा तो नुसता घाईंत असतो. पण वांटणीचीं बोलणीं चालूं असतां कागद कोणीं वाचला, या गोष्टीला वजन येतेंच.

अक्षर मोठें करण्याची युक्ति जुनी आहे. इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा आला, आणि हातांत धरावयाचें भिंग तर घरोघर असतें. परंतु भिंगाला एक खोड आहे. तें जितकें जोरकस, तितकें लहान, आणि तितकेंच कागदाला चिकटवून धरावें लागतें. हात किंचित् कांपला कीं अक्षर पळतें. अमेरिकेंत सॅम्युएल जेनेन्स्की नांवाचा एक गणितज्ञ होऊन गेला. तान्हेपणीं डोळ्यांत चुकीचें औषध पडल्यामुळें त्याची दृष्टि गेली, ती अगदीं थोडी उरली. शाळेंत फळ्यावरील भूमितीच्या आकृति तो दुर्बिणींतून पाही. पुढें रँड कॉर्पोरेशन या संस्थेंत काम करीत असतां, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं कॅमेरा आणि दूरचित्रवाणीचा पडदा जोडून एक वाचनयंत्र सिद्ध केलें. पुस्तक कॅमेऱ्याखालीं सरकवावें आणि पडद्यावर हातभर अक्षर वाचावें. ज्याला गरज होती त्यानेंच यंत्र घडविलें, म्हणून त्यांत एक शहाणपण होतें: अक्षर नुसतें मोठें करून तो थांबला नाहीं, काळ्यावर पांढरें असें उलटेंही करून दाखविण्याची सोय त्यानें ठेवली.

पुढें संगणक आला, आणि कॅमेऱ्याचीही गरज उरली नाहीं. कारण अक्षर आधींच यंत्राच्या पोटांत होतें. १९८८ सालीं अमेरिकेंत एआय स्क्वेअर्ड ही कंपनी निघाली, तिचें ‘झूमटेक्स्ट’ नांवाचें सॉफ्टवेअर पुढें जगभर गेलें. तें आजही उत्तम समजलें जातें. पण त्याला हजारों रुपये पडतात. सामान्य घराच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट १९९८ सालीं घडली. मायक्रोसॉफ्टनें आपल्या विंडोज ९८ मध्यें ‘मॅग्निफायर’ नांवाचें लहानसें भिंग फुकट घालून दिलें. आरंभीं तें अगदींच बेताचें होतें. पडद्याच्या माथ्यावर एक पट्टी, आणि तींत माउसखालचा भाग मोठा, एवढेंच. २००९ च्या विंडोज ७ पासून तें सबंध पडदा व्यापूं लागलें. त्याच वर्षीं आयफोनमध्येंही अक्षर मोठें करण्याची सोय आली, आणि २०१२ पासून अँड्रॉइडच्या फोनांतही. म्हणजे आज ज्या घरांत संगणक किंवा मोबाईल आहे, त्या घरांत हें भिंग आधींच येऊन पडलेलें आहे. फडताळाच्या मागें पडलेल्या अडकित्त्यासारखें तें कोणाला ठाऊक नसतें, इतकेंच.

तें बाहेर काढण्याची रीत अशी. संगणकाच्या कळफलकावर खालच्या ओळींत खिडकीचें चिन्ह असलेली एक कळ असते. ती दाबून धरून अधिक चिन्हाची कळ दाबली, कीं पडदा मोठा होतो. पुन्हां दाबली कीं आणखी मोठा, असें सोळापटीपर्यंत जातां येतें. उणें चिन्हाच्या कळेनें तो लहान होतो. फोनच्या सेटिंगमध्यें ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदराखालीं ‘मॅग्निफिकेशन’ म्हणून जें आहे तें एकदां चालूं करून ठेवावें लागतें. मग कांहीं फोनांत बोटानें लागोपाठ तीन टिचक्या माराव्या लागतात, कांहींत कोपऱ्यांतील लहानसें बटण दाबावें लागतें. मोठा झालेला पडदा दोन बोटांनीं सरकवितां येतो. जो हें आतां कानानें ऐकत आहे, त्यानें घरांतील कोणाला तरी ही सेटिंग एकदां लावून द्यावयास सांगावें. पुढें त्याची गरज पडत नाहीं.

या भिंगाचे तीन अवतार आहेत. एकांत सबंध पडदाच मोठा होतो. दुसऱ्यांत एक चौकोनी कांच माउसबरोबर फिरते, आणि तिच्याखालीं येईल तेवढेंच मोठें दिसतें. तिसऱ्यांत पडद्याचे दोन भाग होतात, वर मोठें आणि खालीं मूळचें. कंट्रोल व ऑल्ट या कळांबरोबर एफ दाबल्यास पहिला, एल दाबल्यास दुसरा, डी दाबल्यास तिसरा अवतार येतो; आणि त्याच दोन कळांबरोबर आय दाबल्यास रंग उलटतात, पांढऱ्या पानाचें काळें होतें. ज्याला उजेडानें डोळे दिपण्याचा त्रास आहे त्याला ही शेवटची सोय फार सुखाची वाटते. पांढरा पडदा त्याच्या दृष्टीनें दुपारच्या उन्हांतील चुन्याच्या भिंतीसारखा असतो. मात्र रंग उलटलेले असतांना नातवाचा फोटो पाहूं नये. तो भुतासारखा दिसतो.

आंत काय घडतें तेंही समजण्याजोगें आहे. पडद्यावरील चित्र हें बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. भिंग त्यांतील एक तुकडा उचलतें, आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागीं चार, नऊ किंवा सोळा ठिपके मांडतें. असें केल्यानें अक्षराच्या तिरप्या कडा घाटाच्या पायऱ्यांसारख्या दिसूं लागतात. चांगलें सॉफ्टवेअर या पायऱ्या घांसून गुळगुळीत करतें. त्याहून चांगलें तें, जें अक्षराचा मूळ आकार ओळखून तें नव्यानेंच मोठें काढतें. पण कचेरींतून एखादा कागद जर नुसता फोटो काढून चढविलेला असेल, तर तेथें आकारच नसतो, नुसते ठिपके असतात. कितीही मोठा करावा, धुकेंच मोठें होतें. सरकारी परिपत्रकें पुष्कळदां अशींच असतात.

आतां या भिंगाची किंमत. पैशानें तें फुकट आहे, पण तें दुसऱ्या रीतीनें आपलें मोल घेतें. पडदा दुप्पट मोठा केला, तर एका वेळीं त्याचा चौथा भागच दिसतो. चौपट केला तर सोळावा भाग. दसपट केला तर शंभरावा. पडद्याची चौकट कांहीं वाढत नाहीं. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांना ही गोष्ट लगेच पटेल. सुमारें ४० फूट लांबीच्या कापडावर दासोपंतांनीं ‘पंचीकरण’ लिहिलें. तें कापड सबंध पाहावयाचें तर दूर उभें राहावें लागेल, आणि मग अक्षर लागणार नाहीं. अक्षर वाचावयाचें तर जवळ जावें लागेल, आणि मग मागें काय होतें व पुढें काय आहे तें ध्यानांत ठेवीत पाय उचलावे लागतील. चौपट मोठ्या केलेल्या पडद्यासमोर बसलेला माणूस दिवसभर असाच चालत असतो. ओळीच्या शेवटापर्यंत तो पोंचतो; परत येतांना पुढची ओळ चुकते, आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली जाते.

यासाठीं पहिलें पथ्य हें, कीं लागेल तेवढेंच मोठें करावें, एक पायरीही अधिक नाहीं. नवीन माणूस हौसेनें आठपट करतो आणि दोन दिवसांत कंटाळून सोडून देतो. दुसरें, पडद्याजवळ जाण्याची लाज बाळगूं नये. अंतर निम्मे केलें कीं अक्षर आपोआप दुप्पट दिसतें, आणि यंत्राला तितकें कमी काम उरतें. जवळून पाहिल्यानें अधू डोळा आणखी बिघडतो, ही घरोघरची समजूत खरी नाहीं; दुखते ती मान, आणि त्याला उपाय पडदा उचलून जवळ आणणें हा आहे. तिसरें, लेख वाचावयाचा असेल तर भिंगाऐवजीं कंट्रोल आणि अधिक या कळा वापराव्यात. त्यानें इंटरनेटवरील पानाचें अक्षर वाढतें, पण ओळी नव्यानें मोडून चौकटींतच बसतात, आणि आडवें चालणें वांचतें. पानें अशा रीतीनेंच रचावीं, चौपट मोठें केलें तरी वाचकाला आडवें धांवावें लागूं नये, असा दंडक वेबचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१८ सालीं घालून दिला आहे. तो किती ठिकाणीं पाळला जातो, तें ज्यानें एकदां तरी सरकारी अर्ज मोबाईलवर भरला आहे त्याला सांगावयास नको.

मराठी अक्षराचा विचार येथें वेगळा केला पाहिजे, कारण हीं यंत्रें घडविलीं ती माणसें रोमन लिपि डोळ्यांपुढें ठेवणारीं होतीं. देवनागरी अक्षर तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खालीं उकार. वरच्या पट्टींतच मोठें दाखविणारें भिंग घेतलें आणि पट्टी अरुंद ठेवली, तर एखादा मजला कापला जातो. शिवाय आपल्या लिपींतील कांहीं भेद अगदीं केसाएवढे आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांतील फरक एका गांठीचा किंवा एका रेघेच्या तुकड्याचा. ‘अर्ज भरा’ हें ‘अर्ज मरा’ असें वाचलें गेल्याचा विनोद क्षणभर हंसवितो. पण क्षेत्राच्या रकान्यांत दशांशचिन्ह दिसलें नाहीं, तर हंसूं येत नाहीं. हेक्टर १.२० चे १२० होतात. आधीं जातो तो बिंदु. म्हणून इंग्रजी ज्याला दुपटीनें वाचतां येतें, त्याला मराठीसाठीं अडीचपट किंवा तिप्पट करावें लागलें तर नवल नाहीं. याला एक सुखद अपवाद आहे, तो शिरोरेषेचा. ती सलग रेघ ओळीबरोबर डोळ्याला धरून नेते. रोमन अक्षरांना असा कठडा नाहीं.

वर दोन प्रकारचे डोळे सांगितले, त्यांचा हिशेब आतां मांडतां येईल. ज्याचा मध्य गेला आहे, त्याला मोठें अक्षर हवेंच. तें कडेच्या दृष्टीवर पडूं शकतें, आणि भिंग त्याचा खरा मित्र आहे. ज्याच्या कडा गेल्या आहेत, त्याची खिडकी आधींच अरुंद. त्यांत अक्षर मोठें केलें तर एकेका अक्षरानें खिडकी भरते, आणि शब्द दिसेनासा होतो. त्यानें अक्षर फार न वाढवितां रंग उलटावे, माउसचा बाण जाड व ठळक करावा, आणि ज्याचा विकार वाढता आहे त्यानें पडदा बोलून दाखविणारें सॉफ्टवेअर आतांपासून शिकून ठेवावें. दृष्टि आहे तोंवर कानाची संवय लावून घेणें सोपें जातें. हें सांगणें कित्येकांना अशुभ वाटतें, आणि घरचीं माणसें विषय बदलतात. तो विषय बदलूं नये.

भिंग चांगलें असलें तरी समोरचें पान वाईट असेल तर तें काय करणार? अर्ज भरतां भरतां एखादा आंकडा चुकतो, आणि ‘आधार क्रमांक बरोबर नाहीं’ अशी तांबडी ओळ पडद्याच्या दुसऱ्या टोंकाला उमटते. डोळस माणसाला ती सहज दिसते. चौपट भिंगांतून पाहणाऱ्याच्या दृष्टीनें ती शेजारच्या खोलींत उमटलेली असते. तो ‘पुढें’ या बटणावर बोट ठेवून बसतो, आणि अर्ज पुढें जात नाहीं. तोंवर ठराविक मिनिटें संपतात, यंत्र त्याला बाहेर काढतें, आणि सारें पहिल्यापासून. त्यावर आणखी त्या वांकड्यातिकड्या अक्षरांची परीक्षा, जी माणूस यंत्र नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं घेतात! डोळस माणूसही तींत दोनदां नापास होतो. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक निर्णय दिला. बँका व इतर संस्था डिजिटल रीतीनें जी ओळख पटवून घेतात, ती दृष्टिबाधितांनाही पार पाडतां येईल अशी असली पाहिजे, आणि डिजिटल व्यवहारांत प्रवेश मिळणें हें घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें त्यांत म्हटलें आहे. न्यायालयानें दार उघडलें. उंबरठा खालीं आणण्याचें काम त्या त्या कचेरीचें.

तरुणांच्या बाबतींत मात्र हा प्रश्न पोटाचा आहे. अंबाजोगाई, बीड, परळी येथील अभ्यासिकांतून बँकेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांची तयारी करणारीं मुलें पहाटेपासून बसलेलीं असतात. या परीक्षा आतां बहुतेक संगणकावरच होतात. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं चार टक्के जागा राखल्या आहेत, त्यांतील एक टक्का अंध व क्षीणदृष्टि उमेदवारांसाठीं. बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आय. बी. पी. एस. या संस्थेच्या अधिसूचनांत कित्येक वर्षें एक कलम येत आलें आहे. चाळीस टक्क्यांहून कमी नाहीं एवढें दृष्टिव्यंग असलेला उमेदवार प्रश्न मोठ्या अक्षरांत पाहण्याची मागणी करूं शकतो, आणि त्याला तासामागें वीस मिनिटें अधिक मिळतात. परंतु जो लेखनिक घेईल त्याला मोठ्या अक्षराची सोय मिळणार नाहीं.

या कलमापुढें उमेदवाराला उभें राहून निवड करावी लागते, आणि ती सोपी नाहीं. लेखनिक वाचून दाखवितो, तेव्हां डोळ्याला श्रम नाहींत. पण आलेखाचे आंकडे दुसऱ्याच्या आवाजांतून डोक्यांत उतरवावे लागतात, आणि लेखनिकाचा उच्चार, त्याची गति, त्याचें गणिताचें ज्ञान यांवर आपलें नशीब टांगलें जातें. भिंग घेतलें, तर आंकडे आपल्या डोळ्यांनीं पुन्हां पुन्हां तपासतां येतात. पण तक्ता एका वेळीं सबंध दिसत नाहीं, आणि वीस मिनिटें या चालण्यांतच खर्च होतात. दोन्ही गोष्टी एकत्र कां नकोत, याचें समाधानकारक कारण अधिसूचनेंत नसतें. ज्याला आंकडे स्वतः पाहावेसे वाटतात आणि उतारा मात्र वाचून घ्यावासा वाटतो, असा उमेदवार कांहीं विचित्र नव्हे. अधू दृष्टीचा स्वभावच असा अर्धामुर्धा आहे. सध्यां तरी एवढेंच करतां येतें, कीं अर्ज भरण्याच्या पूर्वीं दोन महिने दोन्ही रीतींनीं जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, आणि मग ठरवावें. अर्जाच्या दिवशीं मित्राच्या सल्ल्यानें ठरविलेलें बहुधा चुकतें. अभ्यासिकेंतील मित्रांपुढें पडदा मोठा करावयाची लाज वाटते, म्हणून कित्येक मुलें सरावच करीत नाहींत, आणि परीक्षेच्या दिवशीं तीं कळा प्रथम शोधतात. अशानें मोठें अक्षर उपयोगी कसें पडावें?

कारण डोळ्यालाही शिकवावें लागतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्य देशांतसुद्धां अशी समजूत होती, कीं थोडी दृष्टि असेल तर ती पुरवून वापरावी, नाहीं तर झिजेल. अशा मुलांसाठीं दृष्टि राखण्याचे निराळे वर्ग काढलेले असत. १९६४ सालीं नॅटली बरागा या अमेरिकन शिक्षिकेनें आपल्या प्रयोगानें दाखविलें, कीं अधू दृष्टीच्या मुलांना पाहण्याचें रीतसर शिक्षण दिलें तर तीं असलेल्याच दृष्टीचा अधिक उपयोग करूं लागतात. डोळा तोच राहतो, पाहणें सुधारतें. मुंबईस नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून काम करीत आहे, आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयांत दृष्टिबाधितांसाठीं संगणकाचें साहाय्यकेंद्र २००३ पासून आहे. पण बीडहून मुंबई हा रात्रभराचा एस. टी.चा प्रवास. गांवच्या शाळेंतील शिक्षकाला त्या तीन कळा माहीत असणें हें यापेक्षां जवळचें आहे. वर्गांत फळ्यावरचें उतरवून घेतां न येणारा मुलगा मठ्ठ ठरण्यापूर्वीं एकदां त्याला मोठ्या अक्षरांत तोच धडा दाखवून पाहावा.

एक इशारा राहिला, तो दिल्यावांचून भिंगाची शिफारस करणें बरें नव्हे. मोतीबिंदूवर भिंग हा उपाय नाहीं. त्यावर शस्त्रक्रिया आहे, आणि ती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी रुग्णालयांत होते. नुसता चष्म्याचा नंबर बदललेला असतांना पडदा मोठा करीत राहणें हा आळस आहे. काचबिंदूचा आजार तर न कळतां नजर खातो, आणि त्याला औषध वेळेवरच लागतें. म्हणून आधीं नेत्रवैद्य, मग भिंग. वैद्यानें ‘आतां यापेक्षां अधिक सुधारणा नाहीं’ असें सांगितलें, म्हणजे पुष्कळ माणसें डोळे मिटून घरीं येतात. वस्तुतः भिंगाचें काम त्या वाक्यापासून सुरू होतें. दाखल्यावर दृष्टिव्यंग किती टक्के आहे तें लिहून घ्यावें, कारण परीक्षेंतील सवलतीला तोच आधार.

सेवा केंद्रांत सातबारा काढावयास गेलेल्या म्हाताऱ्या माणसानें इतकें मात्र अवश्य करावें. तेथें संगणकाचा पडदा चालकाकडे तोंड करून असतो, आणि ग्राहकाला त्याची पाठ दिसते. कागद छापण्यापूर्वीं तो पडदा आपल्याकडे वळवावयास सांगावें, आणि खिडकीची कळ धरून अधिकाची कळ तीनदां दाबावयास सांगावें. चालकाला तें माहीत नसलें, तर त्यालाही तें तेथेंच कळेल. ‘इतर अधिकार’ हा रकाना डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवून घ्यावा, फेरफाराचा आंकडा आपल्या तोंडानें वाचावा, आणि बरोबर असल्यास मग छापावयास सांगावें. याला दोन मिनिटें लागतात, आणि दर आकारलेला नाहीं. वाचून झालें, कीं खिडकीची कळ आणि एस्केप या दोन कळा दाबल्या म्हणजे भिंग निघून जातें, आणि रांगेंतील पुढच्या माणसासाठीं पडदा पूर्ववत् होतो.